मुलाची गाडी आणि मोठ्यांची लुडबूड

पुण्याहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलास शाळेनें लांकडाची एक लहानशी वस्तु करून आणावयास सांगितली होती. मुलाच्या हातीं चाकू दिला तर बोट कापून घेईल, ह्या भीतीनें बाईंनीं रात्रीं जागून ती वस्तु स्वतःच केली. वस्तु सुबक झाली, शाळेंत वाखाणलीही गेली. मुलानें मात्र ती परत घरीं आणलीच नाहीं. "मुलाच्या हातीं चाकू कितव्या वर्षीं द्यावा?" एवढेंच बाईंनीं विचारलें आहे. चाकूचें उत्तर सोपें आहे व तें आम्ही पुढें देणारच आहों. परंतु मुलानें ती वस्तु शाळेंतच कां टाकून दिली, हें त्या पत्रांतलें खरें कोडें होय, आणि तें उलगडण्यास गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं घडलेली एक हकीकत उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस आहेत. डिसेंबरांत ते सहकुटुंब तीन आठवडे शेळगांवीं येऊन राहिले, तेव्हां आमच्या नऊ वर्षांच्या नातवाच्या सामानांत पुठ्ठ्याची एक चपटी पेटी होती. पेटींत निघालें काय? चिडाच्या लांकडाचा एक ठोकळा, लांबी सात इंच, रुंदी पावणेदोन इंच, जाडी सव्वा इंच. शिवाय प्लॅस्टिकचीं चार काळीं चाकें व चार खिळे. ह्या ठोकळ्यांतून मुलानें शर्यतीची मोटार कोरून काढावयाची, खिळ्यांच्या आंसांवर चाकें चढवावयाचीं, आणि जानेवारीअखेर त्याच्या बालवीर पथकांत ती उतरत्या पटावरून सोडावयाची. इंजिन नाहीं, किल्ली नाहीं, ओढावयास दोरी नाहीं. पृथ्वी ओढील तेवढीच गति. सगळ्या गाडीचें वजन पांच औंसांहून, म्हणजे सुमारें १४२ ग्रॅमांहून, अधिक भरतां कामा नये. जुन्या हिशेबानें बारा तोळ्यांहून किंचित् जास्त.

लांकूड पाहून आम्हांस मौज वाटली. ह्या जातीच्या वृक्षास संस्कृतांत 'सरल' असें नांव आहे. हिमालयाच्या वर्णनांत कालिदासानें तो आणिला आहे व त्याच्या चिकाचा सुगंधही सांगितला आहे. अमेरिकेंतलें झाड निराळें, पण गोत्र तेंच. मऊ, सरळ रेषांचें, गांठी नसलेलें असें तें लांकूड नवशिक्याच्या चाकूस अगदीं अनुकूल. बाभळीच्या मुलखांत जन्म गेलेल्या आम्हांस असलें आज्ञाधारक लांकूड पाहून थोडा हेवाच वाटला.

हा खेळ एका बापाच्या अडचणींतून निघाला. अमेरिकेंत मुलांनीं स्वतः बांधलेल्या, आंत बसून उतारावरून सोडावयाच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची एक मोठी शर्यत असते. ओहायोंतील डेटन शहरीं मायरन स्कॉट नांवाच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकारानें १९३३ सालीं मुलांना असल्या गाड्या पळवितांना पाहिलें. १९३४ सालीं त्या खेळास राष्ट्रीय शर्यतीचें रूप आलें, आणि पुढच्याच वर्षीं ती ॲक्रन गांवीं गेली. साबणाच्या खोक्यांवरून तिला 'सोप बॉक्स डर्बी' म्हणतात. कॅलिफोर्नियांतील मॅनहॅटन बीच येथें डॉन मर्फी नांवाचे गृहस्थ विमानांच्या कारखान्यांत नोकरीस होते. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाचें वय त्या मोठ्या शर्यतीस पुरेना. तेव्हां मर्फींनीं मुठींत मावेल एवढी गाडी योजिली, आणि १५ मे १९५३ रोजीं त्यांच्या पथकांतल्या मुलांची पहिली शर्यत झाली. ह्या शर्यतीस 'पाइनवुड डर्बी' असें नांव पडलें, आणि लवकरच बालवीर संस्थेनें ती देशभर उचलली. ती संस्था २०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका' ह्या नांवानें चालते, व शर्यतही चालू आहे. बापलेकांची जवळीक वाढावी आणि मुलांस हस्तकौशल्य व खेळांतली सचोटी लाभावी, हा मर्फींचा हेतु होता. जवळीक वाढते खरी. पण कधीं कधीं बाप लेकाच्या इतका जवळ सरकतो कीं लेकाच्या हातांतलें हत्यारच त्याच्या हातीं जातें.

आमच्या घरांतलीं हत्यारें म्हणजे विळी, अडकित्ता व पट्टी. आणि पट्टीचा उपयोगही सेवानिवृत्तीनंतर रेघा मारण्यापुरताच उरला आहे. म्हणून नातवाला घेऊन आम्ही आळींतल्या सुतारबुवांच्या पडवींत गेलों. आमचें शेळगांव इंदापूर तालुक्यांत, तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें ह्या मुलखांत ऊंस आला, ऊंसामागून साखर-कारखाने आले, कारखान्यांच्या वाहतुकीस रबरी टायरांची बैलगाडी आली, आणि सुतारबुवांच्या हातचें चाक थांबलें. त्यांच्या वडिलांच्या काळीं बाभळीचा तुंबा, बाभळीचे आरे. लोखंडी धांव शेणीच्या आगींत लाल करून चाकावर चढवावयाची, वरून पाणी ओतावयाचें, कीं धांव आवळून सारे सांधे करकरत एक होत. आम्हीं तें लहानपणीं शाळा बुडवून पाहिलें आहे. हल्लीं बुवा दारें-चौकटी करितात. वय सत्तरीपलीकडे, पण डोळा अजून चोख.

शर्यत म्हटली कीं आमच्या जिल्ह्यांत डोळ्यांपुढें येतात बैल. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केलेल्या बैलगाड्यांच्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हा सुरू झाल्या, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें त्यांना आधार देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरिला. त्यामुळें नातवानें आपली शर्यत समजावून सांगितली तेव्हां बुवांनीं प्रथम विचारलें, "अन् बैल कुठं?" बैल नाहींत, घोडा नाहीं, केवळ उतार, हें ऐकून ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजी गाडीचीच परीक्षा." एवढ्या थोड्या शब्दांत ह्या खेळाचें मर्म आमच्यानें सांगवलें नसतें.

त्यांनीं ठोकळा नखानें दाबून पाहिला, हुंगला. "गुरुजी, लोण्यावाणी हाय. पोराला जमंल." मग एक लहान चाकू काढून दगडावर त्यास चांगली धार लाविली आणि तो मुलाच्या हातीं दिला. सूनबाई बरोबर होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "थोडा बोथट नाहीं का देतां येणार?" त्यांनीं विचारलें. बुवा हंसले. "बोथट हत्यार लई वंगाळ, ताई. त्येला जोर लावावा लागतो, अन् जोर लावला की सटकतं. धारंचं हत्यार सांगाल तितकंच जातं."

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस चाकूविषयींचें अर्धें उत्तर येथेंच मिळालें असेल. शिक्षणशास्त्र्यांचें मतही ह्याहून निराळें नाहीं. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस ह्यांच्या खटपटीनें १८६६ सालीं प्राथमिक शाळांत हातकामाचा समावेश झाला. पुढें स्वीडनांत नेस येथें ओटो सालोमन ह्यांनीं 'स्लॉइड' ही लांकूडकामाची शिक्षणपद्धति बसविली, तींत मुलाच्या हातीं पडणारें पहिलें हत्यार चाकू हेंच असे; करवत आणि रंधा मागून. पोरांचे सुतार करणें हा त्यांचा उद्देश नव्हता. डोळा, हात व मन ह्यांस एका कामीं जुंपावें, हा होता. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं सारें शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. आपल्या पांढरपेशा घरांनीं ती फारशी मनावर घेतली नाहीं. मुलाच्या बोटास शाई लागली तर आपल्याला कौतुक वाटतें, भुसा लागला तर काळजी!

बुवांनीं नियम तीनच सांगितले. बसून कापावयाचें, उभ्यानें नाहीं. पातें अंगापासून दूर जाईल असें चालवावयाचें. ठोकळा धरणारा हात सदैव पात्याच्या मागें. चार दुपारीं मुलगा पडवींत बसून होता. मोटारीचें चित्र त्यानें ठोकळ्याच्या बाजूवर शिसपेनीनें काढलें होतें, लांब निमुळत्या नाकाचें. "रेघ पुसूं नगंस, रेघेच्या भाईरनं चाल," एवढें बुवा मधून मधून म्हणत आणि आपलें काम करीत. दुसऱ्या दिवशीं चाकू एकदां घसरला. डाव्या आंगठ्यावर केंसभर रेघ उमटली, हळद दाबली, आणि काम पुढें चाललें. त्याच घसरगुंडीनें गाडीच्या नाकाखालीं एक तिरपी खांचही पडली. ती बुजवावी काय, असें मुलानें विचारलें. बुवांनीं बोट फिरवून पाहिलें व म्हणाले, "ऱ्हाऊं दे. वळख ऱ्हाईल."

एक गंमत येथें सांगितली पाहिजे. सुतारांचें माप सूत. आठ सुतें म्हणजे एक इंच. आमचे चिरंजीव सेंटिमिटरांत शिकलेले; त्यांना सूत म्हणजे काय हें समजावून सांगावें लागलें. नातू अमेरिकेंतल्या शाळेंत इंचाचे आठ भाग घटवून आलेला, त्यास तें ऐकतांक्षणीं कळलें. मराठी वाचतां न येणारा पोर आणि इंग्रजी न कळणारे बुवा "तीन सूत", "पांच सूत" करीत एकमेकांशीं बोलत असलेले पाहून चिरंजीव थोडे एकटे पडल्यासारखे दिसले.

वंगणावरून मात्र दोघांचा वाद झाला. गाडी म्हटली कीं वंगण आलेंच. पूर्वीं गाडीवानाच्या गाडीला वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे, त्यांत एरंडेल. बुवांनीं एरंडेलाची बाटली काढली. नातू म्हणाला, तेल चालत नाहीं, पट खराब होतो. कोरडी पूड घालावयाची. कोरडें वंगण ही गोष्ट बुवांना कांहीं पटेना. तेव्हां मुलानें शिसपेनीचें टोंक कागदावर घांसून ती काळी पूड बुवांच्या दोन बोटांत दिली, आणि बोटें एकमेकांवर चोळावयास सांगितलीं. बुवांनीं चोळलीं, पुन्हा चोळलीं, आणि बाटली मुकाट्यानें जागेवर ठेविली. शिसपेनीच्या शिशांत शिसें नसतें, ग्रॅफाइट असतो. त्याचे थर एकमेकांवरून अलगद घसरतात, व हें 'वंगण' त्याच गुणावर चालतें. मग खिळ्यांच्या अंगावरचे बारीक कंगोरे कानशीनें काढून, कांचकागदानें घांसून, त्यांचे आंस आरशासारखे करण्यांत एक अख्खी दुपार गेली. जिंकणें-हरणें बरेंचसें तेथेंच ठरतें, कारण घर्षणांत गति जाते ती इतर कोठेंही जात नाहीं इतकी.

भाराचा प्रश्न अधिक मजेदार. सगळ्या गाड्या एकाच उंचीवरून सुटतात, तर जड गाडी पुढें कां जावी? गॅलिलिओच्या नियमानें जड व हलकी वस्तु सारख्याच वेगानें पडते. खरें आहे; परंतु येथें वाऱ्याचा व घर्षणाचा अडथळा आहे, शिवाय चाकें फिरविण्यांत कांहीं शक्ति खर्चीं पडते, आणि ही वजावट हलक्या गाडीस अधिक जाणवते. म्हणून पांच औंसांची मर्यादा गांठेपर्यंत भार भरावयाचा. तो भरावयाचा कोठें? बैलगाडीचा नियम असा कीं भार मागें जाऊन गाडी उलाळ होतां कामा नये; जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्यास फांस बसतो. ह्या बिनबैलाच्या गाडींत नेमकें उलट. ती उतारावर उभी असतां तिचा मागचा भाग उंचावर असतो; भार तेथें असला म्हणजे त्यास पडावयास अंतर अधिक मिळतें आणि वेग वाढतो. मात्र फार मागें नेला तर पुढचीं चाकें उचलूं लागतात. "म्हंजी जराशी उलाळ, पर उलटूं नये इतकी," बुवांनीं निकाल दिला. ह्यावर नातवानें आम्हांस विचारलें कीं, भार असाच युक्तीनें ठेवीत गेलों तर गाडी कायमची चालेल काय? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत पोकळ आऱ्यांत निम्मा पारा भरलेलें, आपोआप फिरत राहणारें चाक सांगितलें आहे, तें आम्हीं त्यास सांगितलें. आणि तसलें चाक अद्याप कोणाच्या दारीं फिरलेलें नाहीं, हेंही सांगितलें.

चौथ्या दिवसाअखेर गाडीचा आकार उमटला. नाक थोडें जाड, डावी बाजू उजवीहून किंचित् फुगीर. रात्रीं मुलगा निजला. चिरंजीव यंत्रशास्त्रांतले पदवीधर. असली वस्तु डोळ्यांपुढें असतां त्यांना झोंप कोठून यावी? त्यांनीं बुवांकडून रंधा व कानस आणून ठेविली होती. ओसरीवर दिवा लावून त्यांनीं नाकाखालचें दोन सुतें लांकूड काढलें, दोन्ही बाजू सारख्या केल्या. सकाळीं गाडी पाहिली तेव्हां ती आमच्या डोळ्यांसही अधिक देखणी दिसली, हें खोटें कशाला म्हणावें?

मुलानें ती उचलली, उलटी केली, नाकाखालून आंगठा फिरविला. "इथला माझा कट कुठें गेला?" एवढेंच तो बोलला. रडला नाहीं, रागावला नाहीं. गाडी देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेवून दिली आणि पोरांबरोबर चेंडू खेळावयास निघून गेला. दोन दिवस त्यानें त्या कोनाड्याकडे पाहिलेंही नाहीं. सूनबाईंनीं एकदां समजावून पाहिलें, कीं आतां ती जास्त जोरांत पळेल. "हो," तो म्हणाला, "बाबांची छान आहे."

ही लुडबूड आमच्याच घरीं होते असें नव्हे. १९७३ सालीं ॲक्रनच्या त्या मोठ्या शर्यतींत चौदा वर्षांचा एक मुलगा पहिला आला. मागाहून क्ष-किरणांनीं त्याची गाडी तपासतां तिच्या नाकांत विद्युच्चुंबक सांपडला. आरंभरेषेवर गाड्या अडवून धरणारी लोखंडी फळी पडूं लागतांच तो चुंबक तिच्याकडे ओढला जाई, व गाडीस पहिल्याच क्षणीं फुकटची ओढ मिळे. कळ मुलाच्या डोक्यामागें. शिरस्त्राण मागें टेंकलें कीं चुंबक जागा होई. मुलाचें पद काढून घेण्यांत आलें. त्याच्या एका वडीलधाऱ्या आप्ताचा त्या करामतींत हात होता, व तो त्यानें कबूलही केला. चौदा वर्षांच्या पोराचें नांव मात्र त्या चुंबकास कायमचें चिकटलें.

आपल्या महाराष्ट्रांत चाकांवरच्या लांकडी खेळण्याचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे विदर्भांतला तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें चाकें लाविलेले लांकडी नंदी सजवून मिरवितात. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं ही चाल घातली असें तिकडे सांगतात. बक्षिसें लागतात, आणि बक्षीस लागलें कीं नंदीची उंची वाढते, झूल भरजरी होते, व तो ओढण्यास मुलाच्या जोडीला बापाचा हात लागतो. मग बक्षीस कोणाच्या नंदीस मिळालें म्हणावयाचें?

आणि रोहसेन? मृच्छकटिकाच्या सहाव्या अंकांत चारुदत्ताचा हा पोर शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरितो. रदनिका दासी त्यास मातीची गाडी करून देते, ती त्याला नको असते, व वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत घालून त्याची समजूत काढिते. शाळेंत हा प्रसंग समजावून सांगतांना दारिद्र्य व वात्सल्य ह्यांवर आम्हीं पुष्कळ बोललों आहों. हल्लीं मनांत निराळेंच येतें. सोन्याची गाडी दुसऱ्याची, मातीची रदनिकेची. त्या पोराची गाडी त्यांत कोणती? रदनिकेनें मातीचा गोळा त्याच्याच हातीं दिला असता तर तो कदाचित् रडावयाचें विसरला असता. शूद्रकाचें नाटक मात्र तेथेंच अडलें असतें, तेव्हां झालें तें बरेंच झालें.

आमच्या ओसरीवरचें नाटक तिसऱ्या दिवशीं पुढें सरकलें. बापलेकांच्या मध्यें आजोबांनीं पडूं नये असा आमचा शिरस्ता. म्हणून आम्ही नुसतें पाहत होतों. चिरंजीवांनीं मुलाला जवळ घेऊन सरळ म्हटलें, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं." मुलानें थोडा विचार केला. "पण लाकूड परत येत नाहीं ना," तो म्हणाला. हें खरेंच होतें. तसला दुसरा ठोकळा शेळगांवांत काय, पुण्यांतही मिळाला नसता. दोघे मिळून बुवांकडे गेले. बुवांनीं गाडी वरखालीं पाहिली. "गेलं ते गेलं. ऱ्हायलंय त्यातनं काय निघतंय बघ," असें मुलास म्हणाले, आणि कोपऱ्यांतला निंबाचा एक तुकडा उचलून चिरंजीवांपुढें धरिला. "सायेब, ही तुमची. हिला हवं तितकं घांसा."

अमेरिकेंतल्या पुष्कळ पथकांनींही हाच उपाय काढला आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. तेथें मुलांच्या शर्यतीनंतर मोठ्यांची वेगळी शर्यत ठेवितात, म्हणजे बापांचे हात त्यांच्या त्यांच्या गाडींत गुंतून राहतात. बुवांनीं ही युक्ति कोणास न विचारतां योजिली.

मग पडवींत दोन गाड्या होऊं लागल्या. मुलानें उरलेलें निमुळतें नाक करवतीनें कापूनच टाकलें. पुढचा भाग आंखूड व चपटा केला, मागें दोन्ही बाजूंस काठ ठेविले. मोटार गेली आणि बैलगाडीची साटी दिसूं लागली. बुवांनीं सामत्यानें मागच्या अंगास खालून भोंक पाडावयास शिकविलें. त्यांत एका मोडलेल्या जुन्या चाकाच्या खिळीचा तुकडा बसविला, व उरल्या जागेंत बारीक चुका भरल्या. वजनास गाडी इंदापुरास सराफाकडे नेली. किराणा दुकानाच्या काट्यावर मुलाचा विश्वास नव्हता. सराफानें सोनें ठेवावें तशी ती काट्यावर ठेविली: १४७ ग्रॅम. मग तेथेंच बैठकीवर बसून मुलगा एकेक चूक काढीत गेला, तों कांटा १४१ वर आला. जन्मभर आम्हीं मुलांच्या चुका काढल्या, पण इतक्या आनंदानें काढून घेणारा विद्यार्थी प्रथमच पाहिला. घरीं येतांच भोंक मेणानें बुजविलें.

झोपाळ्याची फळी ओट्याला तिरपी टेंकवून दोन्ही गाड्या सोडल्या. निंबाच्या गाडीस बुवांनीं बाभळीचीं चाकें करून दिलीं होतीं; ती जड, भारदस्त, दर खेपेस डावीकडे वळून तुळशीवृंदावनास जाऊन भिडे. चिरंजीव सबंध संध्याकाळ तिचे आंस सरळ करीत बसले होते. आमच्या मंडळींनीं जेवावयास तीनदां हांक मारली.

जानेवारीअखेर दूरध्वनि आला. अठ्ठावीस गाड्यांत नातवाची गाडी नववी आली. पुढचें डावें चाक लांकडास किंचित् घांसत होतें, असें त्यानेंच सांगितलें. तें त्यास शर्यतीपूर्वीं कळलें होतें, पण नोंदणी झाल्यावर गाडीस हात लावतां येत नाहीं. आवाजांत खेद होता, तक्रार नव्हती. पहिली आलेली गाडी फार गुळगुळीत होती, आणि ती त्या मुलानें केली असावी असें वाटत नाहीं, असेंही त्यानें हळूच सांगितलें. आम्हीं दुसऱ्या दिवशीं बुवांना निकाल कळविला. नववी म्हणजे काय, हें त्यांनीं विचारलेंच नाहीं. "डावं फुडचं? मग खिळा केसभर खाली गेला आसंल," ते म्हणाले. "पुढल्या साली आधी भोकं पाडायची, मग कोरायचं. तसं सांगा त्येला." आम्हीं सांगितलें. त्यानें तें इंग्रजींत लिहून ठेविलें आहे.

राहतां राहिलें भगिनींच्या प्रश्नाचें उरलेलें उत्तर. सहाव्या-सातव्या वर्षीं, मोठें माणूस शेजारीं बसून, चाकू द्यावा. मिटावयाचा देऊं नये, कारण तो भलत्या वेळीं बोटांवर मिटतो. पातें चार बोटांहून लांब नको, व धार स्वतः तपासून द्यावी. शेजारीं बसणाऱ्यानें आपल्या हातीं दुसरें काहीं काम घ्यावें. शेंगा सोलणें, दोरा भरणें, कांहींही. मोकळा हात फार वेळ मोकळा राहत नाहीं. लांकूड सागवानाचें घेऊं नये. शेवरी किंवा पांगारा घ्यावा. सावंतवाडीच्या चितार आळींतले कारागीर फळें व खेळणीं करीत आले तीं बरींचशीं पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचींच. पांगाऱ्याच्या सालीस कांटे असतात, ते मात्र मोठ्यांनीं आधीं काढून द्यावे. तेवढी लुडबूड चालेल.